चूलबंद आवतण

लग्नाच्या धंद्यात माणसाकडे दोन गोष्टी आपोआप साठत जातात. एक, पाव्हण्यांनी विसरलेल्या चपला, आणि दुसरी, किस्से. चपला शोधत कुणी ना कुणी परत येतो, एका पायाची सापडली तरी चालेल म्हणतो. किस्से न्यायला मात्र कुणी येत नाही. ते आपल्याच गोडाऊनमध्ये पडून राहतात आणि चार माणसं चहाला बसली की बाहेर निघतात.

मी दिगंबर, नांदेडचा माईकवाला. "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग" म्हणण्यात माझी अर्धी हयात गेली. आमची चौघांची टोळी होती. रशीदभाई मंडपवाले, यांच्या आजोबांपासून घरात बांबू आणि कापड. मारोती आचारी, हदगावचा, हाताला चव आणि नाकाच्या शेंड्यावर राग. नरसू टेम्पोवाला, धर्माबादचा, मराठीत भांडायचा आणि तेलुगूत शिव्या द्यायचा. मंडप रशीदभाईंचा, चव मारोतीची, गाडी नरसूची आणि आवाज माझा. आम्ही नसतो तरी लग्नं लागलीच असती, फक्त गावात कुणाला कळलं नसतं.

हे किस्से मात्र लग्नाचे नाहीत. सामान सगळं लग्नाचंच होतं, एवढंच.

*

भूकंप झाला त्या सकाळी आम्ही गणपतीचा मंडप सोडत होतो. आदल्या दिवशी विसर्जन झालेलं. पहाटे नांदेडातही भांडी वाजली होती, लोक रस्त्यावर येऊन पुन्हा आत गेले होते. दिवस वर आला तशी रेडिओवर आणि चहाच्या टपरीवर एकच बातमी, औशाच्या पुढची गावंच्या गावं आडवी झालीत.

नरसूनं टेम्पोत कापडं भरली आणि गाडी गोडाऊनकडे वळवायला लागला. रशीदभाई बांबूवर बसून होते. ते म्हणाले, "गोडाऊनला नको. कापड गाडीत हायच, तिकडंच घाल."

"तिकडं कुठं?"

"जिथं छप्पर पडलं तिथं. अपना धंदा काय हाय? छप्परच ना?"

नरसू मुळात हिशेबी माणूस. कुठल्याही मंडपाला आधी ऑर्डर देणारा लागतो, हा त्याचा नियम. तो म्हणाला, "सरे, बरं, जाऊ की. पण भाई, ऑर्डर कुणाची?"

रशीदभाई उठले, लुंगीची माती झटकली आणि म्हणाले, "तिथं गेल्यावर इचारू. कुणी राहिला असंल तर देईल."

आम्ही निघालो. मारोतीला तर कुणी चल म्हटलंही नव्हतं. तो महाप्रसादाच्या कढया आणि उरलेला शिधा घेऊन मागं कापडाच्या ढिगावर बसला होता, हे आम्हाला अहमदपूरला चहासाठी थांबलो तेव्हा कळलं.

*

गावाचं नाव सांगत नाही. त्या नावाची आता दोन गावं आहेत, एक दगडाच्या ढिगाचं आणि एक सिमेंटचं, आणि लोक कुठल्या गावचे म्हणून विचारलं तर अजून क्षणभर थांबतात.

शेतात मोकळी जागा पाहून आम्ही मंडप टाकला. वरून पाऊस. आमच्याकडे दोन प्रकारचं कापड, गणपतीचं भगवं आणि त्यावर पावसासाठी टाकलेलं लग्नाचं गुलाबी, झालरीवालं. गुलाबी ताडपत्रीचं होतं म्हणून तेच वर गेलं. ज्यांच्या घरात नुकतीच माती झाली ती माणसं गुलाबी झालरीखाली बसली. मला लाज वाटत होती. रशीदभाई प्रत्येकाला हात जोडून सांगत होते, "रंगाकडं बघू नका, पानी लागत न्हाई एवढं बघा."

गणपतीच्या मंडपात पाहुण्यांसाठी ठेवलेल्या नवरा-नवरीच्या दोन सिंहासन-खुर्च्याही गडबडीत टेम्पोत आल्या होत्या. लाल मखमल, सोनेरी पाठ, हाताला सिंहाची तोंडं. नरसू त्या लपवत होता, तेवढ्यात एक डॉक्टर आले. पोरसवदा, लातूरहून मोटारसायकलवर आलेले, बॅग सोडली तर जवळ काही नाही. त्यांनी विचारलं, "पेशंटला बसवायला काही आहे का?" झालं, तिथंच दवाखाना सुरू झाला. नवऱ्याच्या खुर्चीत पेशंट, नवरीच्या खुर्चीत डॉक्टर, आणि 'सुस्वागतम्'च्या कमानीला सलाईनची बाटली.

पाय मोडलेला एक म्हातारा होता, तुकाराम आबा. चौघांनी उचलून त्याला मखमलीवर ठेवलं. डॉक्टर पायाला फळी बांधत होते आणि आबा सिंहाच्या तोंडावरून हात फिरवत होता.

"आबा, दुखतंय का?"

"दुखतंय की. पर लगीन लागलं तवा साध्या पाटावर बसलो हुतो," आबा म्हणाला. "खुर्ची गावली ती पाय मोडल्यावर."

*

मग कपडे आले. सगळ्या देशाला एकदम आपली कपाटं आठवली. ट्रक येत आणि रस्त्याच्या कडेला कपड्यांचे ढीग ओतून जात. लोकांनी मनापासून पाठवलं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यात टाय होते, पोहायच्या चड्ड्या होत्या, फुगीर बाह्यांचे झगे होते. जिला अंगावरचं लुगडं बदलायचं होतं तिला परकर मिळेना आणि ज्याचं धोतर फाटलं होतं त्याला थ्री-पीस सूट मिळाला.

तुकाराम आबानं काळा कोट घेतला. गारवा होता, कोट उबदार होता, त्यात वाईट काय? फळीचा पाय ओढत, एका पोराच्या खांद्याला धरून, धोतरावर कोट घालून तो संध्याकाळी म्हैस पिळायला गेला. घर पडलं होतं, पण म्हैस वाचली होती. थोड्या वेळानं रिकामी चरवी घेऊन परत आला.

मारोतीनं विचारलं, "काहून आबा, आटली का म्हैस?"

"आटली न्हाई. पान्हवती कुठं? वळखीनाच मला. साहेब आला वाटलं तिला."

आबानं कोट काढून बांबूला टांगला, उघड्या अंगानं पुन्हा गेला आणि चरवीभर दूध घेऊन आला. तो कोट पुढं किती तरी दिवस आमच्या मंडपाला टांगलेला होता. येणारे साहेब लोक त्याच्याकडे आदरानं बघत. कुणीतरी मोठा अधिकारी आत बसलाय असं त्यांना वाटायचं.

*

आता मुख्य माणूस येतो, म्हणजे बाई. गजरामाय.

मारोतीनं पहिल्याच दिवशी चर खणून चुलाण पेटवलं होतं. वरण, भात, पिठलं. लग्नाच्या आचाऱ्याला थोडं करता येत नाही, त्यामुळे रग्गड झालं. पण जेवायला येईना कुणी. पोरं आली, हातात घेऊन पळाली. मोठी माणसं दूर कडब्याच्या आडोशाला बसून राहिली. दिवसभर रस्त्यावर ट्रक थांबत, वरून पावाचे पुडे फेकत, खाली रांग लागे, रेटारेटी होई. ज्यांच्या खळ्यावर कालपर्यंत माणसं जेवत होती ते रांगेत उभे राहत नव्हते. भूक होती, पण हात पुढं होत नव्हता.

मी माईकवरून तीनदा पुकारलं, "जेवण तयार आहे, मंडळींनी लाभ घ्यावा." कुणी मान वळवली नाही.

मारोती तापला. अन्न वाया जायला लागलं की तो माणूस राहत नाही. खांद्यावरचा टॉवेल झटकून तो तरातरा आडोशाकडे निघाला. आम्हाला वाटलं, आता हा दुखवट्यातल्या माणसांशी भांडतो. आम्ही मागं पळालो.

सगळ्यात पहिली बसली होती गजरामाय. उंच, हाडापेराची बाई, मांडीवर वर्षभराची नात, रेणी. पोर रात्री रडत होती म्हणून तिला घेऊन ही अंगणात झोपली होती. आत दोन लेक, सुना, दोन नातू होते. आता मायजवळ रेणी तेवढी होती.

मारोती तिच्यासमोर गेला आणि त्याचा राग घशातच राहिला. काहीतरी बोलायला तर पाहिजे. तोंडाला जे वळण होतं तेच बाहेर आलं. गावोगावी लग्नाच्या आदल्या दिवशी तो जे म्हणत फिरायचा ते.

"माय, चूलबंद आवतन हाय."

आमच्याकडे एकट्या-दुकट्याला बोलावलं तर नुसतं आवतण. पण म्हातारी, लेकुरवाळी, आलेगेले, सगळ्या घराला बोलावलं तर ते चूलबंद. म्हणजे आज तुमच्या घरात चूल पेटवायचीच नाही. मानाचं आवतण असतं ते. आणि ह्या गड्यानं ते दिलं कुणाला, तर जिची चूल दगडाखाली होती तिला.

रशीदभाईंनी कपाळावर हात मारला. मारोतीलाही कळलं, तो पांढराफटक पडला. गजरामायनं पडलेल्या घराकडं पाहिलं.

"चूल तर बंदच हाय, बाबा," ती म्हणाली.

मारोतीनं मान खाली घातली. "चुकलं माय. सवयीनं..."

"चुकलं कशानं? चूलबंद आवतन दिलंस की. न्हाई कसं म्हनावं?" ती रेणीला काखेला मारून उठली. नुसती उठली नाही, प्रत्येक आडोशापुढं जाऊन म्हणाली, "उठा गं, उठा रं. आवतन आलंय."

आणि लोक उठले. मी असंख्य पंगती पाहिल्यात, नेत्यांच्या घरच्या पाहिल्यात. त्या दिवशी नरसूनं बसायच्या पट्ट्या अंथरल्या आणि रशीदभाई मान वळवून वाढत होते, कुणाला डोळे दिसू नयेत म्हणून.

जेवण झाल्यावर गजरामाय मारोतीला म्हणाली, "तुमचं जेवले. आता तुमच्या चौघांचं जेवन माझ्याकडं लागतंय. चूल पेटली की आवतन धाडते."

मारोती म्हणाला, "राहू द्या माय, त्याची काय गरज."

"गरज कशी न्हाई? आवतन दिलंस न्हवं? का भीक घातलीस?"

पुढची कितीतरी वर्षं आमच्या टोळीत कुणी कुणाला जेवणाचा आग्रह केला की आम्ही हेच विचारायचो.

*

एक पुढारी आले. नाव राहू द्या, ते सगळ्यांचेच होते. गाड्यांचा ताफा, पांढरे कपडे, सोबत फोटोवाले. मंडपात शिरले, वर बघितलं तर गुलाबी झालर, समोर सिंहासनं, हातात मी दिलेला माईक. माणूस आयुष्यभर लग्नांना आशीर्वाद देत फिरलेला. त्यांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली, "आजच्या ह्या मंगल प्रसंगी..."

मी तत्काळ वायर ओढली. माझ्या धंद्यात आवाज सुरू करण्याचे पैसे मिळतात, पण पुण्य बंद करण्यात आहे.

पुढारी वरमले. मग माईकशिवायच एकेकाची चौकशी करू लागले. गजरामायसमोर येऊन म्हणाले, "मावशी, जेवण मिळतं का वेळेवर?"

"मिळत न्हाई," गजरामाय म्हणाली.

सोबतचे अधिकारी दचकले. कागद निघाले, पेन निघाले. पुढाऱ्यांचा आवाज चढला, "मिळत नाही? कुणाची जबाबदारी आहे?"

गजरामायनं कढईकडं बोट केलं. "मिळत न्हाई. वाढत्यात."

*

पुढं नवं गाव झालं. सरळ रस्ते, घरांना नंबर. घरं चांगली होती, पण शेजार हरवला होता. ज्यांची भिंत एक होती ते चार गल्ल्या पलीकडं गेले. आमचं येणं-जाणं सुरू होतं. औशाकडं लग्नाची ऑर्डर असली की नरसू न विचारता गाडी तिकडं वळवायचा.

गजरामायचं घर झकास होतं. ओटा होता, नळ होता. चूल नव्हती. रेणीला घेऊन ती दिराच्या घरी जेवायची, नाहीतर कुणी ताट आणून द्यायचं. आम्ही दारात बसून इकडच्या तिकडच्या गप्पा मारायचो आणि आवतण निघतं का ते बघायचो. जेवणाची हाव नव्हती आम्हाला. तिच्या घरातून धूर निघालेला बघायचा होता, एवढंच.

एकदा मारोतीनं हदगावहून मातीची चूल आणली. टेम्पोत फुटेल म्हणून सगळा रस्ता मांडीवर घेऊन बसला. गजरामायनं चूल पाहिली, हात फिरवला, "चांगली हाय," म्हणाली आणि कोपऱ्यात ठेवली.

पुढच्या खेपेला मारोती आत डोकावला. चुलीच्या पोटात कोंबडी बसलेली.

"माय, हे काय?"

"अंड्यावर बसलीय. उठवू का तुझ्या जेवनासाठी?"

आम्ही हसलो. नरसू तर पोट धरून हसला. मारोती चिडून बाहेर जाऊन बसला. हसणं ओसरल्यावर रशीदभाईंनी हलकेच विचारलं, "पेटवत का न्हाई तुम्ही, आपा?"

गजरामाय रेणीच्या केसातला गुंता सोडवत होती. म्हणाली, "पेटविली की ताटं काढाया हात जातो, भाई. किती काढू?"

त्यानंतर आम्ही कुणीच तो विषय काढला नाही. कोंबडीला मात्र त्या चुलीत चांगली पिल्लं झाली.

*

मग काही वर्षांनी गुजरातेत धरणी हलली. बातमी आली आणि नव्या गावात देवळापुढं बैठक बसली. आमची चौकडी तिथंच होती. नरसू गुजरातला गाडी न्यायला तयार झाला होता, ह्या वेळी ऑर्डर कुणाची असं न विचारता.

काय पाठवायचं यावर चर्चा सुरू झाली. एक तरुण उत्साहानं म्हणाला, "घराघरातून कपडे गोळा करू."

तुकाराम आबा मागून ओरडला, "खबरदार. कोट धाडायचा न्हाई. तितल्या म्हशींचा काय गुन्हा हाय?"

बाया म्हणाल्या, परकर पाठवा, नवे पाठवा. कुणी म्हणालं काड्यापेट्या, कुणी म्हणालं पातेली, कुणी म्हणालं दोरी. ज्याला त्या वेळी जे मिळालं नव्हतं ते त्यानं आणून दिलं. गजरामाय एवढंच म्हणाली, "बसायच्या पट्ट्या धाडा. उभं ठिवत असतील लोकांना."

नरसू तिथं पोचला तर खरंच रांगा होत्या. भाषा येत नव्हती. तेलुगू चालेना, मराठी चालेना. त्यानं सरळ पट्ट्या अंथरल्या आणि पहिला आपणच मांडी घालून बसला. मग एक म्हातारा त्याच्या शेजारी येऊन बसला. मग दुसरा. परत आल्यावर नरसू म्हणाला, "भाषेचं काय घेऊन बसलाय? मांडी सगळ्यांना येती."

*

त्यानंतर मात्र आमचं गावाकडं जाणं कमी झालं. लोक शेतात मंडप टाकायचे ते लॉन भाड्यानं घेऊ लागले. तुकाराम आबा गेला. आणि आम्हाला नवीन गिऱ्हाईक मिळालं, क्लासवाले.

लातूरला तेव्हा दर वळणावर क्लासची पाटी. घराघरात मुलं भाड्यानं राहिलेली, खोलीत दोन खाटा आणि भिंतीवर सूत्रं. निकाल लागला की क्लासचा सत्कार सोहळा, आणि सोहळ्याला लग्नाइतका थाट. टॉपरला बसायला काय पाहिजे? आमची सिंहासनं. मखमल तीच, सिंह तेच, फक्त पुन्हा सोनेरी रंग मारलेला. एका क्लासच्या सरांनी टॉपरची वरात रथातून काढायची म्हणून सांगितलं. पोरगं रथात बसून वाकून वाकून लाजत होतं. त्याची आई रशीदभाईंना कानात म्हणाली, "भाई, हा रथ लग्नालाबी हाच द्या, डॉक्टर झाल्यावर. आत्ताच बुक करून ठिवा."

माझ्या माईकवरूनच टक्के पुकारले जायचे. अर्ध्या टक्क्यानं मागं राहिलेली पोरं शेवटच्या खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवायची. त्यांच्याकडं बघून मला वाटायचं, ह्यांचंही काहीतरी पडलंय, फक्त त्याची बातमी होत नाही.

असाच एक सोहळा होता, दुपारचा. कार्यक्रम संपला, बुफे उघडला. ताटं हातात घेऊन पालकांची रांग लागली, पार गेटपर्यंत. मारोती आता स्वतः रांधत नव्हता, खुर्चीत बसून पोरांवर ओरडायचा. ओरडता ओरडता तो एकदम थांबला.

लॉनच्या टोकाला लिंबाखाली खुर्चीवर एक म्हातारी बसली होती. हातात ताट नाही, रांगेकडं पाठ. शेजारी एक शिडशिडीत मुलगी तिला विनवत होती, "आज्जी, चल ना. संपेल." म्हातारी ढिम्म.

मारोती मला म्हणाला, "दिगू, अशी बसणारी म्हातारी मराठवाड्यात एकच हाय."

तो उठला. गुडघे दुखत होते तरी तसाच चालत गेला. मी वायरी टाकून त्याच्या मागं, रशीदभाई काठी टेकत माझ्या मागं, आणि गाडीत झोपलेला नरसू हाक ऐकून सगळ्यात मागं.

मारोती तिच्यापुढं उभा राहिला. "माय, जेवत का न्हाई?"

तिनं वर पाहिलं नाही. नजर कमी झाली होती. "कार्डावर रेणीचं नाव हाय. तिचाबी नंबर न्हाई आला, पर ती जेवंल. मला कुनी बोलावलंय?"

मारोतीनं खांद्यावरचा टॉवेल काढून हातात घेतला. "चूलबंद आवतन हाय, माय."

गजरामायची मान वर झाली.

"हदगावचा आचारी का रं तू?"

मारोतीनं तिचे पाय धरले. तिनं त्याला उठवलं, मग आम्हा तिघांच्या तोंडावरून एकेक करून हात फिरवला. रशीदभाईंच्या दाढीपाशी थांबली. "भाई, पिकलात की."

"चला आपा, जेवून घ्या," रशीदभाई म्हणाले. "मी पट्टी अंथरतो तुमच्यापुरती."

"न्हाई. आज तुमचं जेवत न्हाई. आधी मागलं फिटू द्या." ती खुर्चीचा हात धरून उठली. "सांजच्याला खोलीवर या, चौघंबी. चूलबंद."

आम्ही एकमेकांकडं पाहिलं. शेवटी रशीदभाईच म्हणाले, "पेटली?"

"पेटवावी लागली," ती म्हणाली. "पोरीचा क्लास सकाळी सहाला असतोय. उपाशी धाडू?"

*

संध्याकाळी आम्ही गेलो. अरुंद गल्ली, वर जायचा लोखंडी जिना, एका ओळीत भाड्याच्या खोल्या, सगळ्यांत क्लासच्या पोरी. धूर नव्हता, गॅस होता, पण भाकरी थापल्याचा आवाज खालपर्यंत येत होता. दाराबाहेर लहान चपलांचा खच पडला होता. रेणी आमच्या अंगाला घासून पळाली आणि शेजारच्या खोलीतून ताटं घेऊन आली. परत गेली, आणखी आणली. आतून आवाज आला, "अजून काढ गं, पुरत न्हाईत."

दार अरुंद, आत पोरी बसलेल्या. मारोती पुढं, त्याच्या मागं रशीदभाई, मग मी, मग नरसू, आम्ही जिन्यापर्यंत एकामागं एक उभे राहिलो.

गजरामाय पिठाचे हात घेऊन दारात आली आणि आमच्याकडं बघून तिच्या कपाळाला आठी पडली.

"रांग कशापायी लावलीया?" ती म्हणाली. "बसा."